गठ्ठा सोडला की वजाबाकी कळते: पहिली-दुसरीच्या वर्गात हाताने शिकायच्या कृती

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका सकाळी घमेलंभर चिंचोके वर्गाच्या मधोमध ओतले आणि म्हटलं, "मोजा रे." दहा मिनिटांत तिघांची नेमबाजी सुरू झाली. दोन मुलींनी सगळे चिंचोके ओच्यात भरून घेतले, आणि एका पोराने एक चिंचोका नाकात घातला. मोजणी राहिली बाजूला, मी त्याला घेऊन मोटारसायकलवर डॉक्टरकडे. चिंचोका निघाला, पण "कृतियुक्त शिक्षण" या शब्दावरचा माझा भरवसा पुढचे सहा महिने उडालेला होता.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. माझ्या वर्गात 27 मुलं. काही अहिराणी बोलत येतात, काही पाड्यावरून पावरी ही आदिवासी बोली बोलत. त्या चिंचोक्यांत चूक कुठे झाली हे कळायला मला वेळ लागला. मी मुलांना वस्तू दिली होती, प्रश्न दिला नव्हता. प्रश्नाशिवाय हातात आलेल्या वस्तूशी सहा वर्षांचं पोर खेळणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तेव्हापासून माझा एकच क्रम आहे: आधी अंदाज, मग हात, मग बोलणं, आणि सगळ्यात शेवटी वही. खालच्या सगळ्या कृती याच क्रमाने चालतात. वेळ कमी असेल तर वही उद्यावर टाका, पण बोलणं टाळू नका. "तू काय केलंस सांग" या पाच मिनिटांत अर्धं शिकणं होतं.

सामान: गावात काय आहे ते बघा

बाजारातलं शैक्षणिक साहित्य वाईट नसतं. पण ते डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढतं, मग फुटेल म्हणून कपाटात जातं आणि कुलपाची किल्ली शोधण्यात तास जातो. मला काड्या, खडे, बिया आणि डबे पुरतात. ज्वारीचं धांडं, खराट्याच्या काड्या, चिंचोके, मक्याचे दाणे, नदीची चाळलेली वाळू, प्लॅस्टिकचे सारखे डबे, बाटल्यांची झाकणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या पाड्यांवर बालशिक्षणाचं काम केलं, तेसुद्धा परदेशी महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले घेऊनच.

कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडे ढिगाने पडलेल्या असतात म्हणून त्याच घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. त्या खरखरीत असतात आणि कुसळं बोटात जातात. खराट्याची काडी बरी. करंगळीएवढे तुकडे करून टोकं फरशीवर घासून घ्या.

आता काय आणायचं नाही ते, आणि हे नीट वाचा. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या, मोजायला सोप्या. पण विषारी आहेत. एरंडीच्या बियाही विषारी. पेरणीतून उरलेलं कपाशीचं, मक्याचं रंगीत बियाणं तर घरातून हमखास येतं. त्या रंगाबरोबर औषध चोळलेलं असतं. मी पालकांना जूनमध्येच सांगून टाकते: "रंगाचं बी शाळेत पाठवायचं नाही." आणि नाकात काही गेलंच तर पिन, काडी घालून काढायला जाऊ नका, ते आत सरकतं. पोराला तोंडाने श्वास घ्यायला सांगा आणि सरळ दवाखाना गाठा. पहिलीत मी आता चिंचोक्याऐवजी बाटलीची झाकणं देते. नाकात जात नाहीत, घरंगळत नाहीत.

बैठक

27 मुलांना एकाच वेळी एकच कृती देणं मी सोडून दिलं. सहा-सात जणांचे चार गट. एका वेळी दोन गट वस्तूंवर, एक गट पाटीवर आणि एक माझ्याजवळ. दर 20 मिनिटांनी बदल. प्रत्येक गटात एक दुसरीचं आणि एक दोन्ही भाषा बोलणारं पोर ठेवते, म्हणजे पावरी बोलणाऱ्याला विचारायला कोणीतरी असतं.

प्रत्येक गटाचा एक डबा. झाकणावर आतल्या वस्तूंचा आकडा लिहिलेला: काड्या 50, रबर 5. तास संपला की गटाने मोजून डबा परत करायचा. आकडा जुळला नाही तर खिचडीला उठायचं नाही, असा नियम मी सुरुवातीला केला होता. तो मोडला, कारण एकदा हरवलेल्या एका काडीसाठी भुकेली पोरं रडायला लागली. आता न जुळलेला आकडा झाकणावर खडूने लिहितो: "49, एक शोधायची." दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती दप्तरातून काढतंच.

दहाची चौकट

लहान मुलांना वाचन-लेखन आणि अंकगणित पक्कं यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. त्यात पहिलीच्या अखेरीस 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं लक्ष्य आहे. पण 99 ची वाट 10 मधून जाते, आणि 10 पक्का व्हायला मला पूर्ण महिना लागतो.

अंड्यांचा 30 चा ट्रे घ्या. त्यात 5 आणि 6 अशा ओळी असतात. 6 च्या बाजूने दोन-दोन ओळींच्या पट्ट्या कापा. एका ट्रेत 10 घरांच्या तीन चौकटी निघतात. डाग नसलेला ट्रेच घ्या आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. गावात माळकरी घरं असतील तर आधी विचारा. माझ्याकडे एका आजीने हरकत घेतली होती, तेव्हा फरशीवर खडूने चौकटी काढल्या. काम तेच होतं.

मूठभर झाकणं दाखवा. "किती असतील?" सगळ्यांनी अंदाज सांगायचा, चूक म्हणायचं नाही. मग एकेका घरात एक झाकण. 7 भरली की विचारा, "रिकामी किती?" पहिले काही दिवस पोरं रिकामी घरं बोटाने मोजतात. एक दिवस कोणीतरी न मोजता "तीन" म्हणतं. त्या दिवसाची वाट बघा, घाई करू नका. 7 ला 3, 6 ला 4, 8 ला 2 हे डोळ्यांत बसलं की पुढे हातच्याच्या बेरजेचा अर्धा त्रास संपतो.

गठ्ठे आणि सुट्या

हा माझा सगळ्यात लाडका भाग, म्हणून जरा पसरून लिहिते.

गटाला 34 काड्या द्या, पण आकडा सांगू नका. अंदाज घ्या. मग मोजायला सांगा. कोणी 33 म्हणेल, कोणी 36, भांडण होईल. होऊ द्या. त्या भांडणातच विचारा, "चुकू नये म्हणून काय करता येईल?" दोन-तीन दिवसांत एखादं पोर ढीग पाडतंच. कोणी पाचाचे पाडेल, तेही चालू द्या. मग तुम्ही म्हणा, "आपण दहाचे पाडू आणि बांधू." बांधणं पोरांनीच करायचं. आयते बांधलेले गठ्ठे दिले तर गठ्ठा ही एक वेगळीच वस्तू होते, आत दहा काड्या आहेत हे हाताला कळत नाही. केळीची फणी इथल्या पोरांनी पाहिलेली असते, त्यामुळे "ही दहाची फणी" म्हटलं तरी लगेच पोचतं.

रबरबँड मार्चमध्ये उन्हाने चिकट होऊन तुटतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा आणि कात्रीने अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या चकत्या कापा. वर्षभर टिकतात.

आता आपल्या भाषेची खोच. मराठीत "पंचवीस" म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. पोर ऐकतं त्या क्रमाने लिहितं: 52. याला पोराचा आळस म्हणू नका, कानाने ऐकलेलं त्याने इमानदारीने उतरवलंय. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. माझं मत असं की दोन्ही हवं. गठ्ठे नेहमी पोराच्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. आधी हात ठेवून म्हणायचं, "दोन गठ्ठे वीस, पाच सुट्या, पंचवीस." वीस-पाच हा पूल आहे. त्यावरून पंचवीसपर्यंत जायचं. गावात आणि बाजारात पंचवीसच चालतं.

याहून अवघड 29. समोर दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या, आणि तोंडाने म्हणायचं "एकोणतीस". तीस कुठून आले? इथे मी एक काडी पाठीमागे लपवून ठेवते. विचारते, "तीस व्हायला किती पाहिजे?" "एक." काडी ठेवते, पोरं गठ्ठा बांधतात, तीन गठ्ठे, तीस. मग ती काडी परत काढून घेते, म्हणजे गठ्ठा सोडावा लागतो. "तीसला एक कमी, एकोणतीस." हे 19, 39, 49 असं 89 पर्यंत करत जायचं. 99 ला मात्र नियम मोडतो, तिथे "नव्याण्णव" येतं. माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी पोर "एकोणशंभर" म्हणतं. मी त्याला शाबासकी देते, कारण त्याने नियम पकडलेला असतो, मोडला आहे तो भाषेने.

वजाबाकी दुसरीत. फळ्यावर 32 − 8. वहीत सोडवायला दिलं की निम्मी पोरं 36 लिहितात, कारण 8 मधून 2 काढणं सोपं वाटतं. म्हणून आधी काड्या. तीन गठ्ठे, दोन सुट्या. "यातल्या आठ काड्या मला दे." गेल्या वर्षीचं एक पोर बराच वेळ दोन सुट्यांकडे बघत बसलं. म्हणालं, "मॅडम, दोनच शेतस." (दोनच आहेत.) मी म्हटलं, "मग?" त्याने एक गठ्ठा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "हाऊ सोडू का?" मी नुसती मान हलवली. ट्यूबची चकती काढली, दहा काड्या पसरल्या, बारा झाल्या, आठ माझ्या हातात दिल्या. उरले दोन गठ्ठे आणि चार. 24.

इथे शिक्षकाची खरी परीक्षा म्हणजे तोंड बंद ठेवणं. "अरे, गठ्ठा सोड ना" हे चार शब्द माझ्या ओठांवर आले होते.

यानंतर काड्या हळूहळू काढून घ्यायच्या. पहिला आठवडा काड्या. दुसरा आठवडा पाटीवर चित्र, गठ्ठ्याला उभी रेघ आणि सुटीला ठिपका. सोडलेल्या गठ्ठ्याच्या रेघेवर काट मारून दहा ठिपके काढायचे. तिसऱ्या आठवड्यात अंक, शेजारी काड्यांचा डबा. अडलं तर उघडायचा, नाहीतर बंद. काड्या वर्षभर पुढ्यात राहिल्या तर पोरं त्यांच्यावरच टेकून बसतात. आणि दुसऱ्याच दिवशी काढून घेतल्या तर पुन्हा 36 येतं.

तराजू: कापूस जड की दगड?

दिवाळीनंतर घराघरात कापूस असतो आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे पोरांना माहीत असतं. म्हणून वजन मी तेव्हाच घेते.

तराजू पोरांसमोर बांधा. दीड-दोन फुटांची सरळ काठी, मधोमध टांगायचा दोरा, दोन्ही टोकांना सारख्या डब्यांची पारडी, प्रत्येकाला तीन दोऱ्या. रिकामा टांगला की तो हमखास एका बाजूला झुकतो. लगेच सरळ करू नका. "काहीच ठेवलं नाही, तरी का झुकला?" यावर भरपूर बोलू द्या. मग मधला दोरा थोडा सरकवून बघा, नाहीतर वर गेलेल्या पारड्याच्या तळाला ओल्या मातीची गोळी चिकटवा. रिकामा तराजू आडवा उभा राहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे भाजीबाजारात बसणाऱ्या घरच्या पोरांना आधीच ठाऊक असतं.

आता लिंबाएवढा दगड आणि मोठी मूठ भरून कापूस. अंदाज घ्या, हात वर करून. पहिलीत जवळजवळ सगळे कापसाकडे, कारण तो मोठा दिसतो. एका पारड्यात दगड ठेवा. दुसऱ्यात पोरांनी एकेक मूठ कापूस टाकत जायचं आणि मुठी मोजायच्या. पारडं शिगोशीग भरलं, कापूस खाली सांडायला लागला, तरी दगड जागचा हलत नाही. वर्ग एकदम शांत होतो. मागच्या खेपेला एक मुलगी हळूच म्हणाली, "कापूस मोठा शे, पन दगड जड शे." मी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, खाली प्रमाण मराठीत "कापूस मोठा आहे, पण दगड जड आहे." दोन्ही वाक्यं सगळ्यांनी वाचली. गणिताचा तास भाषेचा झाला, झाला तर झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच कापसातलं एकेक बोंड. एका बोंडात साधारण चार-पाच कप्पे, एकेका कप्प्यात सहा ते नऊच्या आसपास सरक्या, म्हणजे कापसाच्या बिया. "एका बोंडात किती सरक्या?" अंदाज दहा-बाराच्या वर जात नाही. काढून दहा-दहाचे ढीग लावले की तीस-पस्तीस भरतात. ताज्या फवारणीच्या वावरातलं बोंड घेऊ नका, आणि नंतर साबणाने हात धुवायचे.

वाळूतली अक्षरं, टाळीतले शब्द

वाचनाच्या आधी कान तयार करायचा. केळी: के-ळी, दोन टाळ्या. भाकर: भा-क-र, तीन. भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत पोरी टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणतच असतात, त्यांच्याकडूनच ठेका घ्यावा. मग प्रत्येक टाळीला एक झाकण पुढे सरकवायचं आणि विचारायचं, "पहिल्या झाकणात काय आहे?" "के." हे जमलेलं पोर महिन्याभरात अक्षराशी आवाज जोडू लागतं.

अक्षरासाठी ताटात बोटाच्या पेराएवढी वाळू. जाड थर नको, रेघ बुजते. आधी मी हवेत हात फिरवून दाखवते, मग पोरं वाळूत, आणि काढताना आवाज मोठ्याने म्हणायचा. मुकाट्याने गिरवलेलं "म" नुसतं चित्र राहतं. आकाराने जवळची अक्षरं, ग, म, भ, न, एकापाठोपाठ घेते. पण "भ" आणि "म" एकाच दिवशी कधीच नाही. एकदा घेतली आणि दोन आठवडे निस्तरत बसले.

शब्द मात्र पोराचा स्वतःचा. रोज एक पोर एक शब्द मागतं. मी तो जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून देते आणि तो त्याच्या शब्द ठेवायच्या रिकाम्या आगपेटीत जातो. "माय", "वावर", "बैल", एकाने "जेसीबी". बोलीतला शब्द आला तर बोलीतलाच लिहायचा. स्वतः मागितलेला शब्द पोर सहसा विसरत नाही.

थोडक्यात आणखी दोन

बी रुजवणं जुलैत करा. पारदर्शक ग्लासात ओला कागद कडेने लावा, कागद आणि काच यांच्यामध्ये मूग आणि मका. मूग एक-दोन दिवसांत फुटतो, मका मागून. "आधी कोण?" यावर पैज लावायची आणि रोज चित्र काढायचं. पाणी घालायची पाळी वाटून द्या, नाहीतर सगळेच घालतात आणि बी कुजतं.

सावली: मैदानात काठी रोवा, परिपाठानंतर, खिचडीच्या सुटीत आणि शाळा सुटताना सावलीच्या टोकावर दगड ठेवा. दुसऱ्या दगडाच्या आधी अंदाज. आपला भाग 21 अंश अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली जवळजवळ गायब होते. मेमध्ये सुटी आणि जुलैत ढग. तरी जुलैत ऊन पडलंच तर तास सोडून पोरांना बाहेर न्या.

पालक आणि उन्हाळा

एक वडील एकदा दारातच उभे राहिले: "मना पोऱ्या शाळामा नुसता खेळस का हो मॅडम?" मी उत्तर दिलं नाही. पालकसभेत त्यांच्या पोराला पुढे बोलावलं, काड्यांचा डबा दिला आणि वडिलांनाच म्हटलं, "भाऊ, तुम्हीच गणित घाला." त्यांनी 41 मधून 17 सांगितले. पोराने एक गठ्ठा सोडला, अकरामधून सात काढल्या, मग उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक बाजूला ठेवला आणि "चोवीस" म्हणून मोकळा झाला. वडील तोवर बोटांवर मोजत होते. नंतर त्यांनीच सायकलच्या दोन जुन्या ट्यूब आणून दिल्या.

सुटी लागण्यापूर्वी एक दिवस सामानासाठी राखून ठेवा. मक्याच्या दाण्यांत सोंडे होतात, म्हणून ते वाटून टाका, पुढच्या वर्षी नवे मिळतात. खराट्याच्या काड्या आणि झाकणं उन्हात वाळवून पत्र्याच्या डब्यात, वर कडुनिंबाची सुकी पानं. वाळू पोत्यात. ट्यूबच्या चकत्या वेगळ्या पुडीत, कारण त्या नेमक्या उंदरांना आवडतात. झाकणांवरचे आकडे मात्र पुसून टाका. जूनमध्ये पहिलीची नवी पोरं येतात, तेव्हा डबे मोजून आकडा लिहिण्याचं काम दुसरीत गेलेल्यांना द्यायचं.